हॅनाचा उतार

सरका जरा, बाकावर माझ्या शेजारी जागा आहे. उकडत असेल तर तो पुठ्ठ्याचा पंखा घ्या हातात. आमच्या पाळकबाबांसारखं गाऊन सांगणं काही मला जमणार नाही. त्यांचं प्रवचन बोलण्यात सुरू होतं, मग हळूच त्याला चाल लागते, आणि शेवटी सगळं देऊळ उभं राहतं. माझं बोलणं जमिनीवरूनच चालेल. पण गोष्ट खरी आहे, माझ्या धाकट्या भावाची, थॅडियसची. ऐकता ऐकता मध्येच 'होय प्रभू' म्हणावंसं वाटलं तर खुशाल म्हणा, आमच्याकडे त्याला कोणी मोडता घालणं म्हणत नाही.

थॅडियस खाडीतली शिंपल्यांची कालवं काढायचा. ओहोटीला होडी घेऊन खाजणात शिरायचा आणि भरती लागली की परतायचा. देवळाचा उंबरा त्यानं सहासष्टाव्या वर्षापर्यंत ओलांडला नव्हता. दर रविवारी मात्र आपली मालाची छोटी मोटारगाडी तो देवळाच्या खिडकीखाली आणून लावायचा, मागच्या फळीवर पाय सोडून बसायचा आणि प्रवचन ऐकायचा.

"आत ये की रे," मी म्हणायची.

"ताई, आत पाय ठेवला आणि छप्पर कोसळलं तर? तुझ्या नव्या टोपीचं काय होईल?"

बाटलीही त्याच्याजवळ असायची. पण पाळकबाबा रंगात आले की त्याचे पाय ठेका धरायचे, ते मी खिडकीतून पाहिलेलं आहे.

मग त्याची बायको व्हर्डेल गेली. तिनं त्याच्याकडे हयातभर एकच गोष्ट मागितली होती, बाप्तिस्मा घे. ती गेल्यावर त्यानं बाटली ठेवून दिली आणि एक दिवस माझ्या पायरीशी येऊन म्हणाला, "ताई, मी शोधाला निघतोय."

आमच्या बेटावर प्रभूकडे यायचं असेल तर आधी शोधाला निघावं लागतं. थट्टामस्करी बंद, जेवण बेताचं, दिवस कलला की एकट्यानं रानात जाऊन गुडघे टेकायचे. स्वप्नात जो माणूस दिसेल त्याच्याकडे जाऊन पुढची सगळी स्वप्नं सांगायची. ती ऐकून 'आता हा तयार झाला' असं त्या माणसानं म्हटलं, की मगच बाप्तिस्मा. थॅडियसला स्वप्नात मी दिसले. म्हणून त्याची स्वप्नं ऐकायचं काम माझ्याकडे आलं. थट्टा बंद ठेवणं त्याला फार जड गेलं, तेवढं सांगते.

शेवटचं स्वप्न सांगायला आला तेव्हा मी भेंडी चिरत होते. म्हणाला, "व्हर्डेल हॅनाच्या उतारावर कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. माझा कालवांचा सदरा धूत होती. सगळा गाळ सुटून ओहोटीबरोबर समुद्राकडे चालला होता. मला म्हणाली, उतर ना, किती वेळ उभी राहू?"

मी सुरी खाली ठेवली. म्हटलं, "झालं तुझं. तू तयार आहेस."

आता हॅनाचा उतार म्हणजे काय ते सांगते. आमच्या टॅबी पॉइंटच्या चहूकडे खाजण आहे आणि खाजणात काळा गाळ. पाय टाकला की मांडीपर्यंत आत. गुलामी सुटल्यावर हॅना नावाच्या बाईनं आणि तिच्या माणसांनी टोपल्या भरभरून कालवांचे रिकामे शिंपले एका जागी टाकले, वर्षानुवर्षं टाकले, आणि खाडीच्या तळाला एक टणक फरशी तयार केली. माणूस तिथं छातीएवढ्या पाण्यापर्यंत चालत जाऊ शकतो. आमचा प्रत्येक बाप्तिस्मा तिथंच झाला, माणसाला पुरता पाण्यात बुडवून. माझा, माझ्या आईचा, तिच्या आईचा. आणि तो ओहोटीलाच करायचा, पाणी बाहेर जाताना, म्हणजे माणसाचं पाप समुद्राकडे जातं. भरतीला केला तर तेच पाप परत दारात येईल की! बेटावर दुसरीकडे वाळूचा काठ होता, पण तिथं आता गोल्फवाल्यांची फाटकं आहेत आणि फाटकाशी पहारेकरी.

थॅडियस तयार झाला तो हिवाळा होता. बाप्तिस्मे ऑगस्टात होतात, पाणी कोमट असताना. म्हणून आम्ही थांबलो. त्याच हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या सरकारनं ठरवलं, की खाडीचा काठ ढासळतोय, मागचा रस्ता जाईल, तर काठाला दगडी बांध घालायचा. बांध हॅनाच्या उतारावरून जाणार होता.

शाळेच्या हॉलमध्ये सभा ठेवली. सगळी मंडळी आली, बायका लाल भात आणि तळलेली मासळी घेऊन आल्या. वॉशिंग्टनच्या सरकारचा अभियंता होता, सभ्य माणूस, नकाशे लावून उभा. आणि आमच्या राज्याच्या किनारा खात्याची एक बाई होती, मिस कोलीन. केस विस्कटलेले, गाडीत बसून दुपारचं जेवण केलेलं दिसत होतं. तिनं सांगितलं, की मोठ्या सरकारला किनाऱ्यावर काही बांधायचं असेल तर ते राज्याच्या किनारा रक्षणाच्या धोरणांना धरून बांधावं लागतं, शक्य असेल तितकं. आणि ते धरून आहे की नाही, हे राज्यानं ठरलेल्या मुदतीत सांगायचं.

थॅडियस मागून म्हणाला, "म्हणजे थोरल्यानं धाकट्याला विचारायचं?"

"तसंच काहीसं," ती म्हणाली.

"आणि धाकटा नको म्हणाला तर?"

"तर कारण द्यावं लागतं. कोणत्या धोरणाला बाधा येते ते दाखवावं लागतं."

"आणि धाकटा गप्पच बसला तर?"

ती जरा हसली. "मुदत संपली की गप्प बसणं म्हणजे होकार. म्हणून तर मी आलेय. मला सांगा तुम्ही. प्रत्येकाला तीन मिनिटं आहेत."

आमचे पाळकबाबा, रेव्हरंड मॅकनाइट, उठले. काय सांगू, मी तर सरसावून बसले, कारण त्यांनी आवाज अगदी खाली ठेवला होता, आणि इतक्या खाली धरला म्हणजे तो वर कुठवर जाणार ते मला माहीत होतं. आधी त्यांनी आज सकाळी शुद्धीवर उठवल्याबद्दल देवाचे आभार मानले. मग हॉल दिल्याबद्दल हेडमास्तरीणबाईंचे. भात आणणाऱ्या भगिनींचे. लांबून आलेल्या अभियंत्याचे, आणि त्याला चांगलं वळण लावणाऱ्या त्याच्या आईचे. तो बिचारा लाल झाला. मिस कोलीनचे. मग ते शास्त्रातल्या यार्देन नदीच्या काठी आले. याजकांचे पाय पाण्याला लागले, म्हणाले, आणि आवाजाला किंचित चाल लागली. आम्ही 'होय प्रभू' म्हणून पुढे सरकलो. आता यार्देनवरून ते हॅनाच्या उतारावर येणार, हे लहान पोरालाही कळत होतं.

तीन मिनिटं संपली, टेबलावरचा लाल दिवा लागला. "आभारी आहोत, रेव्हरंड," अभियंता म्हणाला.

पाळकबाबा थांबले. ज्याची सभा त्याचा नियम, असं मानणारा माणूस तो. मान लववून खाली बसले. आम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवल्या.

"पुढे कोण?" मिस कोलीननं विचारलं.

कोणी उठलं नाही. आता तुम्हीच सांगा, पाळकांच्या मागून कोण बोलणार? आमच्यात पाळक बोलले म्हणजे मंडळी बोलली. त्यावर आपलं शेपूट जोडणं म्हणजे त्यांचं कमी पडलं असं चारचौघांत म्हणण्यासारखं. तिनं पुन्हा विचारलं. एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आम्ही तिच्याकडे बघून हसलो. तिसऱ्यांदा विचारताना तिचा आवाज विनवणीचा झाला होता, तोही आम्हाला थकव्याचा वाटला, आणि मी उठून तिच्यासाठी ताट वाढलं.

ताटावर बसल्यावर मी तिला सगळं सांगितलं. व्हर्डेल, सदरा, ओहोटी, हॅनाचे शिंपले. तिनं घास खाली ठेवला. "हे मघाशी का नाही बोललात?"

"पाळकबाबा बोलले की."

"ओडेसाबाई, ते यार्देनपर्यंतच पोचले होते."

"पण कळलं ना तुम्हाला सगळ्यांना?"

ती म्हणाली, "सभा बंद झाली. मी हे लिहीन, पण नोंदीत एकच माणूस बोललाय आणि त्यानं आभार मानलेत."

पण तिनं आम्हाला वाऱ्यावर सोडलं नाही. राज्याच्या धोरणांत लोकांची पाण्यापर्यंतची वाट अडवायची नाही असं एक कलम आहे, ते तिनं धरून ठेवलं. अभियंत्यांशी भांडली, पत्रं लिहिली, आणि शेवटी मोठ्या सरकारनं मान्य केलं, की हॅनाच्या उतारापाशी बांधात एक फट ठेवायची, खाली पाण्यात पायऱ्या उतरवायच्या, धरायला कठडा लावायचा. तिनं मला स्वतः फोन करून सांगितलं. त्या रविवारी पाळकबाबांनी तिचं नाव घेऊन प्रार्थना केली, आणि ती प्रार्थना चालीवर गेली. थॅडियस खिडकीखाली नव्हता, पहिल्यांदा आत बसला होता. छप्पर शाबूत राहिलं.

काम जूनमध्ये सुरू झालं. काठाला कुंपण, कुंपणाला हिरवं कापड, आत काय चाललंय दिसेना. ऑगस्टचा बाप्तिस्मा त्या वर्षी राहिला. त्याच उन्हाळ्यात थॅडियसचे पाय सुजायला लागले. सव्हानाच्या इस्पितळात सांगितलं, मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा त्याला यंत्राला जोडायचे.

"माझं रक्त धुतात तिथं," तो म्हणायचा. "म्हटलं, धुताच आहात तर पापही धुऊन टाका. ती पोरगी म्हणाली, काका, ते तुमच्या विम्यात बसत नाही."

शोध संपला होता, आता त्याला थट्टेला मोकळीक होती.

वसंतात कुंपण निघालं. काम नेटकं होतं, त्यांना नाव ठेवता येणार नाही. सुबक दगड, मध्ये पायऱ्या, पांढरा कठडा. पाळकबाबांनी भरती-ओहोटीचं कोष्टक काढलं आणि ऑगस्टमधला असा रविवार नेमला, की सकाळच्या उपासनेनंतर लगेच ओहोटी लागेल. थॅडियससाठी मी पांढरा झगा शिवला. डोक्याला बांधायला व्हर्डेलच्या चादरीचं कापड घेतलं.

त्या दिवशी सगळी मंडळी बांधावर उभी होती. गाणं सुरू झालं, टाळ्यांचा ठेका धरला गेला. पाळकबाबा पुढे, काठी घेऊन एक डीकन, म्हणजे मंडळीचा वडीलधारा सेवक, मागे, त्यांच्या मागे थॅडियस, माझ्या खांद्यावर हात टाकून. पाळकबाबा शेवटच्या पायरीवर पोचले, 'प्रभू आमचा खडक' म्हणाले आणि पुढे पाऊल टाकलं.

ते मांडीपर्यंत आत गेले.

कोणी हसलं, कोणी किंचाळलं. चौघांनी ओढून त्यांना बाहेर काढलं, एक बूट गाळातच राहिला. डीकननं काठी खुपसून पाहिली. जिथं खुपसावी तिथं काठी सुळकन आत जायची. इकडे गाळ, तिकडे गाळ. हॅनाची फरशी नव्हतीच तिथं.

थॅडियस शेवटच्या पायरीवर कठडा धरून उभा होता. पाणी बाहेर चाललं होतं. त्याच्या पायांखालची पायरी आधी पाण्यात, मग नुसती ओली, मग उघडी. आम्ही त्याला वर घेतलं तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "कुठं गेली गं फरशी?"

दुसऱ्या दिवशी मी मिस कोलीनला फोन लावला. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "ओडेसाबाई, त्या शिंपल्यांवर जिवंत कालवं वाढलेली होती."

"असणारच."

"कालवांचे थर राखायचे असंही आमचं धोरण आहे. त्या थरावर बांध येणार, म्हणून अभियंत्यांनी तो तळासकट उचलून पलीकडच्या राखीव खाडीत नेऊन ठेवला. नियमाप्रमाणे. फार काळजीनं केलंय, त्या खाडीत मी पाहणीला गेले होते. नव्वद टक्के कालवं जगली." तिनं कागद बाजूला ठेवल्याचं ऐकू आलं. "ती तुमची फरशी होती हे मला कळायला हवं होतं. तुम्ही सांगितलं होतंत मला. पण ते कालवांचं प्रकरण दुसऱ्या टेबलावरून गेलं."

रागवावं असं समोर कोणी नव्हतं. म्हटलं, "जेवलीस का गं?" ती रडायला लागली.

थॅडियस मात्र रडला नाही. म्हणाला, "हॅनानं केलं, तर आपणही करू. शिंपल्यांना काय तोटा!"

झालं. बेटभर निरोप गेला. ज्याच्या ज्याच्या घरी कालवं भाजली, त्यानं शिंपले टाकायचे नाहीत. परसातले ढीग आले, पोत्यांनी आले, जुन्या चुलीमागचे आले. थॅडियसला यंत्राच्या दिवशी जमायचं नाही, इतर दिवशी तो पायरीवर खुर्ची टाकून बसायचा आणि हुकूम सोडायचा. "डावीकडे टाक रे! अरे डावीकडे, तुझ्या सासऱ्यानं तुला जेवत नाहीस तो हात दाखवला नाही का?" दोन रविवारांत काठी जरा अडायला लागली. त्याचा चेहरा असा उजळला होता, की मला वाटलं यंत्राचीही गरज उरणार नाही.

मग एक पांढरी गाडी आली. खाजणात परवानगीवाचून भराव टाकताय, एका तरुण माणसानं नम्रपणे सांगितलं. गोल्फवाल्यांपैकी कुणीतरी फोन केला होता. हे राखीव खाजण आहे, इथं काहीही टाकायचं तर आधी राज्याची परवानगी, मग मोठ्या सरकारची. शिंपलेही तपासलेले लागतात, उन्हात ठरावीक मुदत वाळवलेले, नाहीतर रोग येतो कालवांवर.

"पोरा," थॅडियस म्हणाला, "मोठ्या सरकारनं विचारलं तेव्हा राज्यानं मुदतीत उत्तर दिलं ना? मग मला किती मुदत आहे?"

"तशी मुदत तुमच्या अर्जाला नाही, सर."

"मला आहे," थॅडियस म्हणाला.

अर्ज केला आम्ही. मिस कोलीननंच भरायला मदत केली, सुट्टीच्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात बसून. खात्याच्या माणसानं हे करायचं नसतं, पण तिनं केलं. तिच्या टेबलावर अर्ज आला की ती लगेच सही करेल, ती म्हणाली. पण तो तिच्या टेबलावर यायला आधी पाण्याचा नमुना, मग पक्ष्यांच्या अंड्यांचा हंगाम, मग शेजाऱ्यांना सूचना. शेजारी म्हणजे गोल्फवाले. कोणी वाईट वागलं असं मला सांगता येत नाही. प्रत्येक जण आपलं काम सांगायचा आणि ते काम खरंच असायचं.

ऑक्टोबरात थॅडियस उठेनासा झाला. पाळकबाबा घरी आले. म्हणाले, "थॅडियस, शेजारच्या गावच्या देवळात पाण्याची टाकी आहे, कोमट पाणी आहे. आपण तुला खुर्चीत बसवून नेऊ."

"आणि झाल्यावर ते पाणी कुठं जातं, पाळकबाबा?"

पाळकबाबा खोटं बोलत नाहीत. "नळीनं. गटारात."

"माझी पापं तिथं तुंबतील हो. त्या गावानं काय वाईट केलंय?"

"मग इथंच, बिछान्यावर, कपाळावर थोडं शिंपडतो. प्रभू समजून घेईल."

"शिंपडायला मी काय इस्त्रीचं कापड आहे?" थॅडियस हसला आणि हसता हसता खोकला. मग हळू म्हणाला, "ती पाण्यात उभी आहे, पाळकबाबा. मी दुसरीकडे गेलो तर तिला कोण सांगणार?"

पाळकबाबांनी त्याचा हात धरून ठेवला. मी भांडी घासायला लागले, घासलेलीच.

नोव्हेंबरात तो गेला. दुपारची वेळ होती आणि खाडीचं पाणी भरत होतं. तो पांढरा झगा त्याला घालायचा की नाही, यावर डीकन लोकांची बैठक बसली. बाप्तिस्मा न झालेल्याला तो घालत नाहीत. शेवटी माझ्या तोंडाकडे पाहून कोणी काही बोललं नाही आणि मी घातला.

पुरायच्या दिवशी देऊळ भरलं होतं. मिस कोलीन मागच्या बाकावर बसली होती. पाळकबाबा उठले. त्यांनी आवाज खाली धरला, तसाच, आणि मी वाट पाहायला लागले. थॅडियसच्या होडीबद्दल बोलले. व्हर्डेलबद्दल बोलले. खिडकीखालच्या गाडीबद्दल बोलले, तेव्हा लोक रडत रडत हसले. 'होय प्रभू' म्हणत आम्ही सगळे पुढे सरकलो, त्यांना उचलून धरायला. पण चाल लागली नाही. मग त्यांनी पवित्र शास्त्राचं पुस्तक मिटलं आणि साध्या आवाजात म्हणाले, "प्रभू, आम्ही याला तुझ्या पाण्यापर्यंत आणला. शेवटच्या पायरीपर्यंत आणला. पुढचं आम्हाला जमलं नाही." आणि खाली बसले. चाळीस वर्षं मी त्यांना ऐकतेय. चालीवर न गेलेलं तेवढं एकच प्रवचन.

अर्ज अजून फिरतोय. मिस कोलीन मध्ये मध्ये फोन करते, कुठल्या टेबलावर आहे ते सांगते, आणि मी तिला जेवली का विचारते. झरझर सही करणारे हातही असतील कुठंतरी, पण ते आमच्या बाजूला नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात आणखी तीन पोरं शोधातून बाहेर येतील. त्यांना कुठं न्यायचं, मला माहीत नाही. पाळकबाबांनाही माहीत नाही.

तुम्हाला उशीर होतोय, जा आता. तुमच्याकडे कोणता देव, कोणती प्रार्थना, मी विचारत नाही. पण हात जोडाल तेव्हा एक नाव त्यात घाला. थॅडियस. कालवं काढायचा. शोध पुरा केला होता त्यानं, मी स्वतः ऐकलंय सगळं. तो बुडायला तयार होता, एवढं त्याच्या बाजूनं सांगा. माझ्या एकटीच्या सांगण्यानं पुरेल की नाही, कोण जाणे.